एक गाऱ्हाणं मागे घेण्याबाबत

बोरीवली (पूर्व),
रविवार, २० एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप धोंडूदादाच्या चरणी गुणाजीचा साष्टांग नमस्कार. (आमच्या दीड खोलीत साष्टांग घालायचा तर पाय गॅलरीत जातात, म्हणून तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण मनाने आठही अंगं टेकली आहेत, याची खात्री असू दे.) तुझी तब्येत, वहिनींची कंबर, तांबडी गाय आणि दारचा रायवळ आंबा हे सगळे आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा आहे. इकडे प्रेमा, नीला आणि मी खुशाल आहोत. तुझी आई, म्हणजे आमची काकी, आम्हा तिघांपेक्षा जास्त खुशाल आहे. डिसेंबरात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला ते तुला कळवलंच होतं. जानेवारी संपता संपता जाड भिंगांचा चष्मा मिळाला. त्या दिवसापासून आमच्या घरात आजवर कुणालाच न दिसलेली जळमटं तिला दिसू लागली आहेत, आणि मी म्हातारा दिसायला लागलो ही बातमीही मला तिनेच दिली. दुपारी ती आणि नीला आतल्या खोलीचं दार लोटून तासभर काहीतरी करत असतात. विचारलं तर "देवाचा करतंव" एवढंच उत्तर मिळतं. असो, म्हातारपणी देवाचं केलेलं बरं.

तुझं पत्र पोचलं. तू लिहिलंस की आईला आता पाठवून दे, मुंबईच्या खुराड्यात तिचा जीव गुदमरत असेल. आजोबांनी खणलेल्या विहिरीचं पाणी आणि चुलीवरची पेज पोटात गेली की डोळा आपोआप निवळेल. आपल्या आजी-आजोबांच्या काळी कुठे होती असली ऑपरेशनं, आणि तरी माणसं किती सुखात होती. दादा, हेच पत्र महिन्याभरापूर्वी आलं असतं तर मी ते सोसायटीच्या फलकावर लावलं असतं. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीची नळयोजना आपल्या फाटकापर्यंत आली आणि तू पाइपवाल्यांना "आमच्या घरात आजोबांच्या विहिरीशिवाय दुसरं पाणी शिरणार नाही" असं सुनावून परत पाठवलंस, तेव्हा मला तुझा इतका अभिमान वाटला होता की मी ती हकीकत आरे कॉलनीच्या आमच्या ऑफिसात तीन टेबलांवर सांगितली होती. (एका टेबलावरच्या माणसाने विचारलं, पाणी कोण आणतं? मी म्हटलं, घरातली माणसं. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.) असा मी तुझा सख्खा विचारबंधू असून तुझ्या पत्राला उत्तर लिहायला तीन आठवडे का लावले, ते आता सांगतो. कारण लांबलचक आहे. वहिनींना पेज वाढायला सांग आणि जेवून मग वाच.

तर झालं असं की २३ मार्चला आमच्या सहजीवन सोसायटीला दहा वर्षं पूर्ण झाली. चिटणीस श्यामसुंदर करंदीकर हे शिस्तीचे गृहस्थ. (जिन्यातला दिवा गेला तर तो बदलायच्या आधी त्यावर परिपत्रक काढतात.) त्यांनी गच्चीवर सत्यनारायणाची पूजा ठेवली आणि पूजेनंतर प्रत्येक घरातल्या एकाने 'आपल्या आजी-आजोबांचा काळ' या विषयावर पाच मिनिटं बोलायचं असं ठरवलं. माझ्या आधी दोघं बोलले. दोघांनीही तूप, दूध आणि भाज्यांची चव यातच पाच मिनिटं घालवली. मग मी उठलो. दादा, मी जो काय बोललो! आजोबांनी खडक फोडून खणलेली विहीर आणि तिचं नारळासारखं गोड पाणी सांगितलं. गोठ्याशी वाघ आला तेव्हा आजोबा हातात काठी घेऊन एकटे अंगणात उतरले आणि "हाड्" म्हणताच वाघ शेपूट घालून गेला, तेही सांगितलं. शेवटी आजी सांगितली. आठवते ना? मे महिन्यात आम्ही मुंबईची पोरं घाटी उतरून धावत यायचो तेव्हा ती ओटीवर बसलेली असायची. एकेकाला जवळ ओढायची, कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंडावरून हात फिरवायची, माझ्या डाव्या कानामागच्या चामखिळीवर तिचं बोट जरासं थांबायचं, मग "गुणो इलो" म्हणायची आणि तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. मी सांगितलं की आजकालच्या आज्या नातवंडांना नुसतं बघतात, आमची आजी स्पर्शाने ओळखायची, इतकी माया त्या काळात होती. गच्चीवर बायकांनी डोळ्यांना पदर लावले. खुद्द करंदीकरांनी चष्मा पुसला.

माणसाने यावर खाली बसावं की नाही? पण टाळ्यांनी माझी अक्कल चरायला गेली. आमच्या इमारतीत कोकणातली सात घरं. त्यातल्या कुणीतरी म्हटलं, गुणाजी, एवढं बोललास तर आता गाऱ्हाणं पण घाल. हातात नारळ आला. गाऱ्हाणं घालणं हे आपल्या घराण्यात तुझं काम, माझं काम मागे उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हणण्याचं. पण तुझं इतक्या वेळा ऐकलेलं, त्यामुळे सुरुवात झकास जमली. बा देवा सत्यनारायणा म्हाराजा, ही तुजी लेकरां आज तुज्या पायाशी जमली आसत, तेंचा जा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" (करंदीकर मात्र "होय महाराजा" असं शुद्ध म्हणाले.) पाण्याचा, विजेचा, लिफ्टचा सांभाळ कर. व्हय म्हाराजा. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्या आज्या-पणज्यांच्या वेळचे जे सुखाचे दिस होते, ते आमका जशेच्या तशे परत मेळांदेत रे म्हाराजा!

"व्हय म्हाराजा!" अख्खी गच्ची म्हणाली. आणि तो आवाज विरतो न विरतो तोच मागच्या सतरंजीवरून एक खणखणीत आवाज आला, "नको म्हाराजा!"

सगळ्यांनी माना वळवल्या. काकी मांडी घालून बसली होती, चष्मा सरळ माझ्यावर रोखलेला. दादा, गाऱ्हाण्याला कुणी नको म्हटल्याचं तू तुझ्या सबंध आयुष्यात ऐकलं आहेस का? मी तर ऐकलं नव्हतं. मला वाटलं, तिला ऐकू आलं नसेल, किंवा कुणी प्रसादाचा दुसरा द्रोण पुढे केला असेल. मी घाईघाईने नारळ फोडला. नारळ चांगला निघाला, म्हणजे गाऱ्हाणं पोचलं. तिथेच आमची वाट लागली.

पूजेच्या तिसऱ्या दिवशी रस्त्याखालचा मोठा पाइप फुटला आणि आमच्या आळीचं पाणी बंद झालं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तब्बल नऊ दिवस. मागच्या वाडीत एक जुनी विहीर आहे, कप्पी आणि दोर शाबूत असलेली; सगळी सोसायटी बादल्या घेऊन तिथे. पाचव्या दिवशी आमचा गॅस संपला. नंबर लावला तर तीन आठवडे थांबा म्हणाले, तेव्हा प्रेमाने माळ्यावरची कोळशाची शेगडी काढून गॅलरीत पेटवली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काकीला धुराशेजारी बसायला बंदी केलेली, त्यामुळे स्वयंपाक सुरू झाला की काकीला शेजारच्या ब्लॉकमध्ये नेऊन बसवायचं आणि धूर विरला की परत आणायचं, असा आमचा नवीनच कुळाचार सुरू झाला. सहाव्या दिवशी मीटरच्या खोलीत काहीतरी जळलं आणि दोन संध्याकाळ वीज नव्हती. (इथे खरं तेच लिहितो. त्या दोन संध्याकाळी टीव्ही बंद म्हणून माणसं जिन्यात येऊन बसली. दहा वर्षं ज्यांच्या दारावरच्या पाट्याच फक्त वाचल्या होत्या त्यांची नावं, गावं, गुडघेदुखी आणि सुनांची तक्रार एकदमच कळली. मला ते फार आवडलं. वीज आली आणि सगळे "चला, बातम्या" म्हणून उठले तेव्हा थोडं वाईटही वाटलं.) इतकं होईपर्यंत कुणी काही बोललं नव्हतं. पण आठव्या दिवशी वाघ आला.

वाघ म्हणजे बिबट्या. नॅशनल पार्क आमच्यापासून किती लांब, तर बिबट्याला वाटलं तर सकाळचा फेरफटका. मी सहा वाजता कळशी घेऊन विहिरीकडे निघालो, तर महाशय कंपाउंडच्या भिंतीवर पाय लोंबकळत सोडून बसलेले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आजोबांचं रक्त अंगात, हातात काठी नाही पण कळशी आहे, समोर वाघ. म्हणजे माझ्या भाषणातला प्रसंगच देवाने जशाच्या तसा समोर मांडला होता. मी "हाड्" म्हणणार होतो. प्रत्यक्षात "हा" इतकंच बाहेर आलं आणि पुढचं मला मीटरच्या खोलीत, आतून कडी लावल्यावर आठवतं. वरून प्रेमाने ताट बडवलं तेव्हा तो कंटाळून उठला आणि आला तसा गेला. कळशीला पोचा आला आहे. दुपारी काकीने मला शेजारी बसवून चहा दिला आणि समजूत घातली की वाईट वाटून घेऊ नकोस, तुझे आजोबा त्या दिवशी माळ्यावरच चढून बसले होते, अंगणात तुझी आजी उतरली होती, तांब्याची परात घेऊन. (हे तिने धोंड्याला कळवू नको असं बजावलं आहे, कारण तुला आजोबांचा फार अभिमान आहे. तेव्हा तू हे वाचलं नाहीस असं समज.)

त्या दिवसापासून सोसायटीत मी तोंड वर करून चालू शकत नाही. पाणी गेलं, गॅस गेला, दिवे गेले, वाघ आला. जशेच्या तशे म्हटलं होतं ना, मग घे! तळमजल्यावरच्या पद्मजाबाई मला बादलीसकट गाठून म्हणाल्या, "गुणाजीराव, देवाकडे मागताना जरा बेतानं मागावं ना." पुढच्या आठवड्यात प्लेग येणार की इंग्रज, यावर जिन्यात चर्चा झाली. शेवटी करंदीकरांनी फलकावर सूचना लावली, की संस्थेच्या पाणीपुरवठ्याचा कोणत्याही प्रार्थनेशी संबंध नाही, सभासदांनी अफवा पसरवू नयेत. सूचना लावून झाल्यावर तेच करंदीकर आजूबाजूला बघत आमच्या दारात आले, शर्टाखालून नारळ काढला आणि हळूच विचारलं, "ते मागे घेता येतं का हो?" (त्या फलकावरून आठवलं. काकी रोज संध्याकाळी जिना उतरून फलकासमोर पाच पाच मिनिटं हात जोडल्यासारखी उभी असते, ओठ हलत असतात. काच लावलेली चौकट, आत कागद, वर पिवळा दिवा. बिचारीला ते कुठल्या तरी देवाचं स्थान वाटत असावं. मी सांगायला गेलो नाही. श्रद्धा कशाला मोडा.)

आता मूळ गोष्टीकडे येतो, दादा, आणि ती मला नीट लिहिता येईल का याची शंका आहे. नवव्या दिवशी, पाणीबंदीच्या शेवटच्या दिवशी, काकी हट्टाने माझ्याबरोबर विहिरीवर आली. तिला मी कठड्याजवळच्या दगडावर बसवलं. डॉक्टरीणबाईंनी सक्त सांगितलं आहे की वाकायचं नाही, भरलेली कळशी तर आयुष्यात पुन्हा उचलायची नाही, नाहीतर वाचवलेला डोळा हातचा जाईल. डावा डोळा अजून व्हायचा आहे, तो पुढच्या थंडीत. मी दोर ओढत होतो. नऊ दिवसांनी माझे खांदे असे झाले होते की केस विंचरायलाही हात वर जात नव्हता. मी सहज, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की काकी, त्या दिवशी गच्चीवर तू नको का म्हणालीस? एवढे ते सुखाचे दिवस.

ती म्हणाली, "कोणाचे सुखाचे?"

मी विहीर सांगितली. ती म्हणाली, विहीर सासऱ्यांनी खणली, पाणी मी ओढलं, तेराव्या वर्षापासून. घरापासून खाली छत्तीस पायऱ्या, वर येताना त्या बहात्तर होतात, आणि दिवसाला दहा खेपा; धोंडू पोटात होता तेव्हासुद्धा, शेवटच्या दिवसापर्यंत. तक्रारीच्या सुरात नाही हं. ती आपली माझ्या दोराकडे बघत, कप्पीला तेल घालायला हवं हे मध्येच सांगत बोलत होती. मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, पण आजीची माया? ती तोंडावरून हात फिरवायची ते?

काकी म्हणाली, "म्हातारेक दिसणा नाय होता रे, गुणो. खयचो खयचो ता कळूक नको? म्हणान चाचपी. तुका तिना कधी बगल्यानच नाय."

दादा, दोर माझ्या हातातून सुटला. बादली खाली गेली, ती नंतर गळ टाकून काढावी लागली. मला हे ठाऊक नव्हतं. अट्ठेचाळीस वर्षांचा झालो, मला ठाऊक नव्हतं! घरात सगळे "डोळ्यांना जरा कमी आहे" असं म्हणायचे, ते मी ऐकलं होतं. ती उठून कुठे जायची नाही, तिला सगळं हातात मिळायचं, ते मला थोरवी वाटायची. माझ्या जन्माच्या दोन-तीन वर्षं आधीच तिचे दोन्ही डोळे गेले होते. मोतीबिंदूच होता, काकी म्हणते, हाच, जो डिसेंबरात तासाभरात काढून टाकला. आयुष्याची शेवटची सोळा वर्षं ती त्या ओटीवर बसून होती. चामखिळीवर बोट थांबायचं ते एवढ्यासाठी, की हा दुसऱ्या कुणाचा नाही, गुणाच आहे. मी दाढी करताना अजूनही कधी कधी त्या चामखिळीला हात लावतो, आजीची खूण म्हणून. तू तर तिथेच वाढलास, पाच वर्षांनी मोठा, तुला माहीत असणारच. मग मला कधी सांगितलं का नाहीस? की तुलाही तिची सवय इतकी झाली होती की त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही?

तेव्हापासून मी विचार करतो आहे. मी म्हणतो तो आजोबांचा काळ मी पाहिला कधी? फक्त मे महिन्यात. बाबा गिरणीत, आम्ही परळच्या चाळीत, आणि वर्षातून तीस दिवस गाव. माझ्या आजोबांच्या काळात बारा महिने आंबे असतात, रोज सुट्टी असते, पाणी आपोआप हंड्यात येतं आणि पेज आपोआप शिजते. त्यातलं एकही काम मी केलेलं नाही. आणि रागावू नकोस, पण विहिरीची कळशी तूही कधी वर आणल्याचं मला आठवत नाही. तू पाणी गोड आहे असं म्हणायचास, आणि ते खरंच गोड होतं. आजोबाही त्यांच्या आजोबांचा काळ बरा म्हणायचे, तेव्हाचा बांगडा हातभर असायचा म्हणायचे. त्यांच्या आजीला कुणी विचारलं होतं की नाही, देव जाणे.

मी काकीला असंही विचारलं, की मग तेव्हाचं काहीच बरं नव्हतं का? तिने मन लावून विचार केला. "होता मा," म्हणाली, "माजे गुडघे बरे होते." मी हसलो, ती हसली नाही. थोड्या वेळाने आपणच म्हणाली, "बावीर चार बायका मेळत, सुखदुःखाचा बोलत. ता बरा होता. पण पाणी जड होता रे."

बाव म्हणजे विहीर हे तुला सांगायला नको. प्रेमाला मात्र सांगावं लागलं. तिने ते ऐकून घेतलं, आणि त्या रात्री शेगडीवरची भाकरी माझ्या पानात नेहमीपेक्षा जरा जोरात पडली.

मग मी म्हटलं, तुला इथे एवढं बरं वाटतं तर इथेच राहा, धोंडूदादाला मी कळवतो. तर काकी माझ्यावरच उखडली. इथे कशाला राहू, म्हणाली, माझं घर आहे, गाय आहे, सून एकटी मरते आहे. "माका घर व्हया रे. ते दिस नकोत." मी ते ऐकलं आणि मला वाटलं की आपण सगळे, तू, मी, करंदीकर, गच्चीवरचे ते दोन तूपवाले, या दोन गोष्टी एकत्र बांधून ठेवतो आणि मग गाठोडं उचलायला दुसऱ्या कुणाला तरी सांगतो.

तर माझी विनंती अशी. पाणी आता आलं आहे, दिवे आहेत, गॅसही परवा आला. पण गाऱ्हाणं अजून देवाच्या दरबारी तसंच पडून आहे, आणि सोसायटीला झोप नाही. मी इथून मागे घ्यायला गेलो तर पुन्हा तोंडातून काय निघेल याचा मलाच भरवसा नाही. शिवाय घातलं ते मी घरच्या रीतीने, तेव्हा ते घरच्याच वडीलधाऱ्याने देवळात उभं राहून मागे घ्यावं हे योग्य. तू नारळ घे, रवळनाथाच्या पुढे उभा राहा आणि सांग की आमच्या गुणाजीन खुळ्यावाणी मागला, ता मनात धरू नको. मागच्या बाजूला वहिनींना उभं कर. त्यांना "व्हय म्हाराजा" म्हणू दे. त्या मनापासून म्हणतील असं मला वाटतं.

वहिनींना नमस्कार, गाईला थाप, रायवळाच्या चार फोडी आठवणीने लोणच्यात. थोरलेपणाने चुकलंमाकलं पोटात घालावं, ही पायांपाशी विनंती.

तुझा धाकटा भाऊ,
गुणाजी

ता. क. एक राहिलं. गाऱ्हाणं हे निमित्त होतं, तू ते मागे घेतलंस नाही घेतलंस तरी चालेल. खरं सांगायचं ते तुझ्या धाकाने वर लिहिता आलं नाही. दादा, नळ घे. फाटकापर्यंत पाइप आलेलाच आहे. तिथून स्वयंपाकघर वीस पावलं. आजोबांची विहीर बुजव असं कोण म्हणतो? देवाला पाणी तिचंच असू दे. पण काकीला तुझ्याकडे पाठवायची म्हणजे त्या छत्तीस पायऱ्यांकडे पाठवायची, आणि तिथे गेल्यावर ती कळशी उचलणार नाही असं तू म्हणत असशील तर तू तिला ओळखत नाहीस. आजीचं झालं ते कुणालाच टाळता येण्यासारखं नव्हतं. आता येतं. नळ लागला की कळव, दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.त तिला मी स्वतः घेऊन येतो. तोवर पाठवणार नाही. (हे सगळं माझं मत आहे. काकी यातलं काही बोललेली नाही. राग धरायचा तर माझ्यावर धर.)

ता. क. दुसरा. धोंडूकाका, मी नीला. बाबांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, त्याला तीन दिवस झाले. उशीर माझ्यामुळे नाही, आजीमुळे झाला. तिने ते वाचायला मागितलं. हो, वाचायला. चष्मा आल्यापासून रोज दुपारी आम्ही तेच करतो, बाबांना अजून पत्ता नाही. फलकासमोर ती हात जोडून उभी नसते, बोटाने अक्षरं जुळवत असते. तिने मदतीशिवाय वाचलेलं आयुष्यातलं पहिलं वाक्य म्हणजे "उद्या पाणी येणार नाही". तेव्हा ती एवढी खूश झाली की मला मिठीच मारली, आणि पाणी खरंच आलं नाही. हे पत्र वाचताना ती दोनदा हसली, एकदा चष्मा काढून बसली, आणि शेवटी म्हणाली की पेन दे. शेवटी "तुझी आई" असं लिही म्हटलं तर नको म्हणाली, नाव लिहायला शिकलंय तर नावच लिहिणार. खालचं सगळं तिचं आहे ('हाडणं' म्हणजे आणणं, हे मलाच तिला विचारावं लागलं), मी एक कानासुद्धा दिलेला नाही.

धोंडू
गूणाजी भीता. मी नाय भीत.
तेना कळशी येकच हाडली. बाकी परेमान.
नळ लाव.
देवाक बावीचा पाणी वया तर तू हाड.
मी येतय.
वय मण.
सुगंधा